आठापैकी नऊ

आमच्या कोडिगेबैलात आकाशावर नजर ठेवण्याचं काम दुग्गप्पा गौडांकडे आहे. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली, तरी गाव त्यांना मेष्ट्रू, म्हणजे मास्तरच, म्हणतं. पाठीमागे मोडमेष्ट्रू, मोड म्हणजे ढग. राशिमेघाला मेंढी म्हटलं म्हणून त्यांनी मला चौथीत भूगोलात नापास केलं होतं. तेव्हा माझ्या लिहिण्यात थोडा आकस दिसला, तर तो तेवढ्यापुरता धरावा.

टेकडीवर तारेच्या कुंपणात एक पांढरी जाळीदार पेटी आहे आणि पाऊस मोजायचं नळकांडं. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, या दोन वेळा मेष्ट्रू चढून जातात. पेटीतला पारा वाचतात, मग मान वर करून आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करतात आणि त्यांतले किती ढगांनी झाकलेत ते वहीत लिहितात. शून्य म्हणजे निरभ्र, आठ म्हणजे गच्च. धुक्यामुळे आकाशच दिसत नसेल तर लिहायचं नऊ. मग बेंगळूरच्या हवामान कचेरीत फोन. पलीकडे शैलजा मॅडम. मेष्ट्रू आकडे सांगतात, मॅडम तेच परत म्हणतात आणि शेवटी, "बरोबर, सर. ठेवते." अकरा वर्षं एवढंच.

एवढंच, पण मेष्ट्रूंच्या दिवसातलं मोठं बोलणं तेच. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी मस्कतला. ती रविवारी फोन करते आणि "तिकडे हवा कशी आहे, अप्पा?" असं विचारून बसते. मेष्ट्रू उत्तर इतकं सविस्तर देतात की दुसऱ्या प्रश्नाला वेळच उरत नाही.

या जानेवारीत त्यांचा फोन बिघडला. बसस्टँडवर माझं रिचार्जचं दुकान आहे, म्हणून टेकडीवरून उतरून ते माझ्या फोनवरून आकडे सांगू लागले. पहिल्याच सकाळी मी ऐकलं, "ढग, नऊ."

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "सर, सॅटेलाइटवर तुमच्याकडे स्वच्छ दिसतंय."

"सॅटेलाइट तिथं आहे, मी इथं आहे."

"बरोबर, सर. ठेवते."

मी बाहेर पाहिलं. आकाश घासलेल्या ताटासारखं लख्ख.

"मेष्ट्रे, धुकं कुठंय?"

"आंधळा आहेस का लोकेशा? समोरचा डोंगर दिसतोय तुला?"

"डोंगर दिसतोय, डोंगरावरचा टॉवर दिसतोय, टॉवरवर कावळा बसलाय तोही दिसतोय."

"चेष्टा पुरे."

पण ते बाहेर आले आणि बराच वेळ डोंगराच्या दिशेने बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "कावळा कुठल्या बाजूला बसलाय?"

आता मला गंमत वाटेना. दिवाळीपासून हे गावभर सांगत होते, या वयात चष्म्याशिवाय पारा वाचतो म्हणून. माझ्या आईचंही असंच झालं होतं. मोतीबिंदू पिकायच्या आधी अचानक चष्म्याशिवाय सुई ओवायला लागली, आणि दारात उभ्या सख्ख्या बहिणीला ओळखेना. सुपारी वाळत घालू का, असं विचारणाऱ्यांना मेष्ट्रू भर उन्हात "नको, धुकं आहे" सांगायचे आणि लोक हसायचे. मेष्ट्रूंना विनोद जमायला लागला, असं आम्हाला वाटलं होतं.

"काल धुकं होतं?" त्यांनी विचारलं.

"नव्हतं."

"परवा?"

"नव्हतं, मेष्ट्रे."

त्यांनी वही काढून नाकाशी धरली. सत्तावीस डिसेंबरपासून रोज सकाळी नऊ. सकाळचं ऊन समोर आलं की त्यांना सगळं पांढरं व्हायचं.

"कुणाला सांगू नका," मी म्हटलं. "ऑपरेशन होईपर्यंत मी बघतो, तुम्ही लिहा. खरं कळलं तर बेंगळूरचा हा रोजचा फोनही बंद होईल तुमचा."

"ते माहीत आहे मला," मेष्ट्रू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर टेकडी चढलो.

"सांग."

"चुरमुरे सांडल्यासारखे आहेत."

"चौथीत होतास तिथंच आहेस. हात सरळ लांब कर. करंगळी धर. एक चुरमुरा करंगळीमागे लपतो?"

"नाही. दोन बोटं लागतात."

"खालून करडे आहेत?"

"थोडे."

"मध्यराशिमेघ. करंगळीत मावले असते तर तंतुराशिमेघ. आठातले किती झाकलेत?"

"पाच."

त्यांनी वही उघडली, पेन टेकवलं आणि तसेच बसले.

"लिहा ना, मेष्ट्रे. अगदी बरोबर आहे."

"बरोबर असेल. पण वहीत लिहायचं ते ज्याने पाहिलं त्यानं." पेनाला टोपण लावून त्यांनी माझा फोन मागितला. मी लावून दिला, स्पीकर सुरू केला.

"मॅडम, सत्तावीस डिसेंबरपासूनचे सकाळचे सगळे नऊ खोडा. ते धुकं गावचं नव्हतं. माझ्या डोळ्यांचं होतं."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला.

"मग वर कळवावं लागेल, सर. केंद्र तूर्त बंद दाखवते."

"दाखवा."

"डोळ्यांचं करून घ्या, सर."

"हो."

दोघांपैकी कुणीच फोन ठेवेना. मेष्ट्रूंनी घसा साफ केला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा उलटा प्रश्न विचारला. "तुमच्याकडे आज आकाश कसं आहे?"

"आमच्या खोलीला खिडकी नाही, सर."

"मग इथलं ऐका. लिहू नका, नुसतं ऐका," असं म्हणून मेष्ट्रूंनी फोन माझ्यापुढे केला. मी हात लांब करून पुन्हा बोटं मोजायला घेतली. तेवढ्यात पलीकडे दुसरी घंटा वाजली.

"दुसरं केंद्र आहे, सर. ठेवते."