दुलीचंदच्या भिंतीवरचा दगडी गुलाब

आमचे शालिकराममामा बालाघाटच्या कचेरीत नक्कलनवीस होते. त्यांच्या अक्षराला मोहल्ल्यात तोड नव्हती, आणि आपल्या कशालाच तोड नसावी अशी त्यांची मनापासून इच्छा होती. सदुसष्ट साली शेजारच्या दुलीचंद शिंप्यानं ती मोडली.

दुलीचंदला पचमढीहून कुणी एक रोप आणून दिलं होतं. जाड, रसदार पानं गुलाबाच्या पाकळ्यांसारखी एकात एक बसलेली. मोहल्ला त्याला दगडी गुलाब म्हणू लागला. दुलीचंदनं ते फुटक्या मडक्यात मुरूम घालून मधल्या भिंतीवर ठेवलं आणि विसरून गेला. रोप मात्र फुगत गेलं, भोवती पिल्लं धरली. मामा सायकल काढताना मान मुद्दाम दुसरीकडे वळवत, तरी त्यांना ते दिसेच.

एक पिल्लू दुलीचंदनं आपणहून मामांना दिलं.

"याले काय देतोस रे?" मामांनी विचारलं.

"काहीच नाई देत, भाऊ."

मामा घरात येऊन म्हणाले, "लपवून राह्यला."

मग कचेरीत जायच्या आधी मामा अंगणात पेपर उघडून बसू लागले. तिसऱ्या दिवशी गुपित सापडलं. दुलीचंदची बायको लीलाबाई भाताची पेज घेऊन भिंतीपाशी आली, वाकली आणि रिकामं भांडं घेऊन परतली. त्या दिवसापासून मामांच्या पिल्लाला रोज वाटीभर कोमट पेज, तीही थेट पानांच्या मधोमध. आठव्या दिवशी मधली पानं वास मारत हातात आली.

"अपचन झालं त्याले," मामी म्हणाली.

फाल्गुनात दुलीचंद लेकीच्या लग्नासाठी सहकुटुंब लांजीला निघाला. "भाऊ, पंधरा दिवस झाडाकडं लक्ष ठेवजा."

"हौ, जाय तू निश्चिंत."

मामांनी लक्ष ठेवलं. पेजेचा काय, पाण्याचाही थेंब त्याला मिळू नये याकडं. पानांच्या कडा लाल व्हायला लागल्या तशी मामांची भूक वाढली. पण मधूनच त्या झाडानं लांब दांडा काढला आणि बाराव्या दिवशी त्यावर शेंदरी घंट्यांची माळ लागली. समोरच्या चंपाबाईपासून दूधवाल्यापर्यंत सगळे बघायला आले, आणि सगळे म्हणाले, दुलीचंदचं नशीब.

दुलीचंद परतला तो भिंतीपाशी उभाच राहिला. "भाऊ, पाच वर्षांत माझ्याच्यानं फूल नाई आलं. तुम्ही काय देल्लं याले?"

"काहीच नाई."

"सांगा ना, भाऊ."

"अरे, खरंच नाई. तुमच्यासारखी पेजबी नाई देल्ली."

"पेज?" लीलाबाई दारातून म्हणाली. "पेज तं मी त्या भिंतीखालच्या घमेल्यात टाकतो, दारावरच्या गाईसाठी."

मामी पदर तोंडाला लावून आत गेली. मामा भिंतीचा पोपडा नखानं काढत राहिले. दुलीचंदनं दोन टपोरी पिल्लं मुळासकट सोडवून त्यांच्या हातावर ठेवली, आणि घरात शिरता शिरता बायकोला म्हणाला, ते भिंतीअलीकडं स्वच्छ ऐकू आलं, "लपवून राह्यले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा अंगणात आले, तर पलीकडं दुलीचंद मशीन सोडून ओट्यावर बसला होता. तोंडासमोर पेपर धरून.