मामांचा ट्रक कापला, आज त्यांना दाखवला

मंडळी, आज मी मामांचा तो ट्रक चालवत शिरूरहून दौंडला त्यांच्या घरी गेले.

सत्तरच्या दशकात माझे मामा खडी वाहायचा एक छोटा ट्रक चालवायचे. पुढं तो आमच्या शेडमागं गंजत पडला. मी रांजणगावला एका कंपनीत वेल्डर आहे. सुट्टीच्या दिवशी खपून मी त्याचा हॉट रॉड केला. म्हणजे टप कापून खाली घेतला, बॉडी जमिनीलगत आणली, दमदार इंजिन बसवलं. रंग मात्र त्या काळच्या ट्रकांसारखाच दिला, हातानं काढलेल्या वेलबुट्टीसकट.

टप कापला त्या दिवशी मामा आले होते. "चांगल्या गाडीचा मुडदा पाडलास," एवढंच म्हणाले आणि नंतर आठ महिने माझा फोन घेतला नाही.

आज मामींनी गुपचूप बोलावलं. मामा काठी टेकत अंगणात आले. गाडीभोवती दोनदा फिरले, वाकून खालून पाहिलं.

"सुरू कर."

बॉनेटवर हात ठेवून ते बराच वेळ इंजिन ऐकत राहिले.

मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "मामा, तुम्ही चालवा."

"न्हाई, तूच चालव. इतकी वर्सं हाकली, पर हिच्यात शेजारी कवा बसलोच न्हाई."

भीमेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. उतरताना म्हणाले, "ब्रेक झ्याक लागतोय."

आठ महिन्यांचं ओझं उतरलं. तुमच्यावर रुसलेलं माणूस पुन्हा कसं बोलतं झालं, सांगाल?