बाबांनी लिहिलेली कंबरदुखी
परवा दाताच्या दवाखान्यात फॉर्म भरताना ‘तक्रार’ या रकान्याशी पेन थांबलं आणि घाटकोपरचं ते एमआरआय सेंटर आठवलं, एसीचा गारठा, स्पिरिटचा वास आणि भिंतीपलीकडून सारखी येणारी यंत्राची ठकठक. बाबांच्या गुदद्वारापाशी गाठ होती आणि ती किती आत गेलीय हे पाहिल्याशिवाय डॉक्टर पुढचं काही ठरवणार नव्हते. फॉर्म बाबांनीच भरला. दोन तासांनी टेक्निशियन बाहेर आला आणि म्हणाला, “काका, डॉक्टरांच्या चिठ्ठीत गाठ लिहिलीय, तुम्ही कंबरदुखी लिहिलंय. नक्की काय होतंय?” समोरच्या बाकावर आमच्याच सोसायटीतल्या काकू बसल्या होत्या. बाबा म्हणाले, “कंबर दुखते.” त्याने माझ्याकडे पाहिलं, “मॅडम, तुम्ही सांगा.” मी म्हटलं, “बाबा, सांगा ना नीट.” ते उठले, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. खाली रिक्षात बसल्यावर म्हणाले, “चारचौघांत काय सांगू मी?” नंबर गेला तो गेलाच, पुढचा आठ दिवसांनी मिळाला. ते आठ दिवस मी घरात भांडी आपटत होते, त्यांच्याशी धड बोललेही नाही. नशिबाने गाठ फार आत गेली नव्हती, उपचार झाले, बाबा आज बरे आहेत. पण त्या आठ दिवसांचा राग अजून जात नाही, आणि तो आता बाबांवर नाही. टेक्निशियनने मलाही विचारलं होतं, मला ‘गुदद्वार’ हा शब्द येत होता, आणि काकूंकडे बघून मी तो बाबांवर ढकलला.