कौनोसच्या देवांचं पुढे काय झालं

२०१४ साली आम्ही मिरज सोडलं तेव्हा आई फाटकापर्यंतही आली नाही. तिने मला देव्हाऱ्यापुढे वाकायला लावलं आणि म्हणाली, "तिकडे रोज दिवा लावत जा." कुणापुढे, ते सांगितलं नाही. खंडोबाचा आणि देवीचा असे चांदीचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे जागच्या जागी होते. निदान बाळकृष्ण तरी दे म्हटलं, तर फटकन म्हणाली, "घरचे देव घर सोडत नाहीत. तूच ये परत." बायको, मेघना, बाहेर गाडीत बसली होती आणि तीन वर्षांची ईरा तिच्या मांडीवर झोपली होती. दोन-तीन वर्षांत येतोच, असं मी म्हणालो. खोटं बोलत नव्हतो, मला खरंच तसं वाटत होतं.

परदेशात, ब्लँचर्डस्टाउन नावाच्या गावात, मेघना हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणून लागली, मी औषधांच्या कारखान्यात. दिवा कॅलेंडरवरच्या गणपतीपुढे लावायचो. उदबत्तीचा धूर जरा जास्त झाला की स्मोक अलार्म बोंबलायचा आणि मी स्टुलावर चढून त्याला टॉवेलने वारा घालायचो. हीच आमची आरती. हळूहळू इथल्या लोकांसारखं कपाटाला आम्ही प्रेस म्हणायला लागलो. कसं चाललंय विचारलं की ग्रँड, म्हणजे एकदम मजेत; ताप असला तरी ग्रँड. मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही ठरवून इथे राहिलो. आणि बरोबर आलेल्यांनो, तुम्हाला विचारावं तर तुम्हीही ग्रँडच म्हणता! मग ठरवलं कुणी?

२०१७च्या उन्हाळ्यात इथल्या चारचौघांसारखे आम्हीही ऊन खायला तुर्कस्तानात गेलो. तिथे नदीकाठच्या कड्यात उंचावर कोरलेली थडगी दिसतात. पलीकडे कौनोस नावाच्या जुन्या बंदराचे अवशेष आहेत. बंदर म्हणायचं एवढंच. गाळ साचत गेला आणि समुद्र पार लांब गेला. इराणी सम्राटांची सत्ता होती तेव्हा या किनाऱ्यावर कौनियन लोक राहायचे. मी हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. गाइड चांगला बोलका होता. तो म्हणाला, हे लोक स्वतःला क्रीट बेटावरून आलेले म्हणवत, पण एका ग्रीक इतिहासकाराचं मत होतं की ते मूळचे इथलेच. त्यांची भाषा शेजाऱ्यांसारखी झाली की शेजाऱ्यांची त्यांच्यासारखी, हेही त्या इतिहासकाराला ठरवता आलं नाही.

"बट दे सेड क्रीट," ईरा म्हणाली. "सो दे'र फ्रॉम क्रीट."

"आणि तू कुठली गं?"

"ब्लँच," ती म्हणाली, आणि मांजरामागे पळाली.

गाइडने पुढची गोष्ट सांगितली. या लोकांनी आधी परके देव आणून बसवले होते. मग एकदा त्यांचं मन फिरलं. आपले बापजाद्यांचे तेवढे देव ठेवायचे, असं ठरलं. सगळी मोठी माणसं शस्त्रं घेऊन निघाली आणि हवेत भाले मारत शिवेपर्यंत गेली. परक्या देवांना हाकलतोय, असं म्हणत. बाकीचे टुरिस्ट हसले. मीही हसलो, पण मनात आलं, परका देव हवेत ओळखायचा कसा? भाला आपल्याच एखाद्या देवाला लागला असेल तर?

संध्याकाळी आईला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. तिने एकच विचारलं, "मग ते देव गेले कुठे?"

 तेवढ्यात तिने तिचं काढलं. गुडघ्यांमुळे एकटीला जमत नव्हतं, मिरजेचं घर बंद करून ती पुण्याला ताईकडे जाणार होती. पण ताईच्या सासरी त्यांचे देव. लेकीच्या घरी आपलं कुळाचं देवघर कसं न्यायचं? "तू ने," ती म्हणाली. "नाहीतर कृष्णेत सोडते."

घरचे देव घर सोडत नाहीत म्हणणारी हीच बाई! मला रागच आला. देव आणले की मिरजेला आपलं काही उरत नाही, हे मला कळत होतं. नाही आणले तर ते नदीत जाणार. मी टाळत राहिलो. भाड्याचं घर आहे, मालक कधीही काढेल. थंडी असते. गरम पाण्याच्या टाकीवर हॉट प्रेस आहे, तिथे ऊब असते, असंही एकदा बोलून गेलो. "कपाटात देव?" आई म्हणाली, आणि मग, "ऊब असते ना पण?"

२०१९मध्ये शेवटी मिरजेला एकटाच गेलो. निघायच्या आदल्या संध्याकाळी आईने गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला, एकेक देव बाबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळला आणि माझ्या बॅगेत ठेवला. सकाळी उठून पाहतो तर परडीत जास्वंदी घेऊन ती रिकाम्या देव्हाऱ्यापुढे उभी. 

"बाहेर काढू का?" मी विचारलं.

"नको. बांधलेत तर राहू देत."

बॅग खुर्चीवर होती. आई तिच्यापुढे स्टूल ओढून बसली, बॅगेवर एकेक फूल वाहिलं आणि हात जोडले. "हा नेईल तिथे राहा," ती देवांना म्हणाली. "घर बदललं तर याच्याबरोबर जा. घर घर करत बसू नका. आणि परत इकडे येऊ नका, इथे कुणी नसेल."

मी तिच्या मागेच उभा होतो. मला तिने वेगळं काही सांगितलं नाही.