तात्यांचे कप्पे

“न्हाई, हिचा कागद न्हाई,” तात्या म्हणाले, आणि डॉक्टरांनी पार्वतीला पेनिसिलिनची सुई टोचली. पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, श्वास घशात अडकला. मी तिचे पाय धरून उभी होते. डॉक्टरांनी दुसरी सुई दिली, छाती दाबली. श्वास परत आला, डोळे उघडले नाहीत. तिचं वीस दिवसांचं मूल सासूच्या मांडीवर रडत होतं.

नेवाशाकडच्या त्या दवाखान्यात मी आया होते आणि तात्या जुने कागद सांभाळायचे. दुष्काळाची वर्षं. खडीच्या कामावरून रोज माणसं यायची, कुणाचं बोट ठेचलेलं, कुणाच्या डोळ्यात कपची. कागद तारखेप्रमाणे गठ्ठ्यांत बांधलेले. आजारी माणसाला तारीख कुठली आठवते? एक कागद काढायला अर्धा तास जायचा.

तात्यांनी औषधांची खोकी फोडून भिंतभर कप्पे ठोकले. नावाचं पहिलं अक्षर कुठलं आणि नावात अक्षरं किती, त्यावर कप्पा ठरायचा. “गिरजाबाई, पहिलं अक्षर धरा, अक्षरं मोजा, हात घाला,” असं मला शिकवलं. मी चौथी शिकलेली, तरी मलाही जमलं. पण त्यांना खरा अभिमान वेगळाच होता. “हाय तो कागद कुनीबी काढंल. न्हाई ते झटक्यात सांगता आलं पायजे. समदा येळ तितंच जातो.” त्यांचं ‘न्हाई’ ऐकलं की डॉक्टर पुढे काही विचारेनासे झाले. तात्यांना गर्व होता. आता ते मेले म्हणून मी तो झाकणार नाही.

त्या दिवशी पार्वती तापानं बरळत होती. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच झालेलं. पूर्वी एखादी सुई बाधली होती का, हे सासूला ठाऊक नव्हतं. “नाव?” तात्यांनी विचारलं. “पार्वती.” प, तीन अक्षरं. कप्प्यात चार पार्वती निघाल्या, चौघी दुसऱ्या गावच्या. मग तात्यांनी ते उत्तर दिलं.

संध्याकाळी तिची आई पोचली. दारातूनच “सुमन, अगं सुमन” करत आत आली. तात्या जागचे उठले. स, तीन अक्षरं. कागद पहिल्या झटक्यातच हाताला लागला. लग्नाआधीचा, वर तांबड्या पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘पेनिसिलिन देऊ नये.’

लग्नात बाईचं नाव बदलतं हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. माझंही बदललं होतं. कप्पे ठोकताना मी खिळे हातात देत होते, पण मला सुचलं नाही. तात्या कागद धरून बसले. “बायकूचं नाव म्या बदाललं, गिरजाबाई. ताटातल्या तांदळात अंगठीनं लिवलं. ह्या हातानं.” मी म्हटलं, “मग आता काय करायचं ते करा.” धीराचे शब्द मला येत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते येईल त्या बाईला माहेरचं नाव विचारायला लागले. त्या नावाची वेगळी चिठ्ठी, तिचा वेगळा कप्पा. बायका हसायच्या. “माहेरचं कशाला तात्या? माघारी धाडताय व्हय?” एरवी त्यांनी वरचढ उत्तर दिलं असतं. आता नुसतं म्हणायचे, “सांग, बाई.”

“तात्या, रांग फाटकाबाहेर गेली,” डॉक्टर म्हणाले.

“जाऊ द्या, साहेब. उबी ऱ्हातील.”

मधेच उठून ते तिच्या खाटेपाशी जायचे. पार्वती म्हणून हाक मारायचे, मग सुमन म्हणून. तिनं कशालाच ओ दिली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मूल जगलं. सुमनच्या आईनं ते शेळीच्या दुधावर वाढवलं.