बाहीवरचं अक्षर

सिंगापूरच्या शाळेत लेकीला चायनीज भाषा घ्यायला लावली ती मीच. नवरा सांगत होता, हिंदी घेऊ दे, सुखानं जगू. पण मला भारी हौस! भोगा आता. रोज हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून आंग मो किओला पोचायचं आणि कुकर लावायच्या आधी चौकटींची वही उघडायची.

त्या आठवड्यात अक्षर होतं 孝. उच्चार श्याव, अर्थ आईवडिलांची सेवा. वर म्हातारा, खाली पोर. पोरानं म्हाताऱ्याला पाठीवर घेतलंय म्हणे. दोन पानं गिरवून झाली तरी हिचा म्हातारा घसरतच होता.

"अगं, नीट धर ना त्याला!" मी खेकसले.

तर कार्टी इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणते कशी, "तू तरी कुठे कॅरी करतेस आजोबांना, लाह?"

माझे बाबा पुण्यात एकटे असतात. आई गेल्यापासून दर रविवारी फोनवर त्यांचं एकच पालुपद, "कधी येतेस?" माझंही ठरलेलं. अकाउंट्सचं क्लोजिंग झालं की येते. हिची परीक्षा झाली की येते. असं करता करता अडीच वर्षं गेली होती. त्यामुळे तिचं बोलणं चांगलंच झोंबलं, आणि झोंबलं म्हणून मी तिला आणखी एक पान लिहायला लावलं.

सकाळी बाईसाहेब समेटाला आल्या. बापाच्या फाटक्या काळ्या पँटचा चौकोनी तुकडा कापून त्यावर पांढऱ्या करेक्शन पेननं तेच अक्षर काढलं होतं. "दर संडेला फोन करतेस ना, म्हणून बॅज," म्हणत तिनं तो माझ्या बाहीला पिनेनं टोचला. वाद घालायला वेळ कोणाला होता? गेले तशीच.

लिफ्टमध्ये शेजारच्या चिनी आंटी भेटल्या. एरवी आमच्या फोडणीला नाक मुरडणाऱ्या. त्यांनी बाहीकडे पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी.

"फादर? मदर? कोण गेलं?"

"कोणी नाही हो! बाबा माझे ठणठणीत आहेत," मी इंग्लिशमधून कसंबसं म्हटलं.

"छॉय! छॉय!" अभद्र झटकावं तसं म्हणत आंटींनी पिनेसकट तुकडा उपटला आणि मुठीत चुरगळला. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की पोरांनी हे अक्षर बाहीला लावायचं असतं, हे मला तळमजला येईपर्यंत शिव्यांसकट ऐकायला मिळालं. बाप जिवंत असताना कोणी लावतं का हे, अक्कल आहे का नाही?

मला काय स्वप्न पडलं होतं? पुस्तकात नुसतं सेवा एवढंच छापलंय! माणूस जिवंत असताना सेवा आणि गेल्यावर सुतक, दोन्हीला एकच अक्षर, तर तसं सांगायला यांचं काय जात होतं? चरफडत स्टेशनवर आले. पण समोरची गाडी जाऊ दिली आणि प्लॅटफॉर्मवरूनच बाबांना फोन लावला. पुण्यात जेमतेम सहा वाजले असतील.

पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. "आज रविवार नाही," घाबऱ्याघाबऱ्या म्हणाले. "काय झालं गं? कोण गेलं?"

"कोणी नाही, बाबा. मी येतेय. या शुक्रवारी."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा बसले असावेत.

मग हळूच म्हणाले, "आणि तुझं क्लोजिंग?"