सायलेन्सरवरचा डबा

समोरच्या अंगणात अण्णांचा ट्रॅक्टर उभा असतो. त्याच्या सायलेन्सरचं तोंड आभाळाकडे आहे, म्हणून पावसाळ्यात त्यावर रंगाचा रिकामा डबा पालथा घालतात. पाणी आत गेलं की इंजिन बसलंच. आज दुपारपासून वारा तो डबा पाडतोय आणि अण्णांच्या बायको, आमच्या काकू, तो पुन्हा घालताहेत.

"बांधून टाका ना एकदाचा," मी खिडकीतून म्हटलं.

"आणि कुणी तसाच चालू केला तर? गुदमरेल की तो."

त्या शब्दाशी मी अडले. ऑपरेशननंतर अण्णांचा आवाज गेला आणि गळ्याला भोक राहिलं. आता श्वास तिथूनच. त्यावर पातळ फडकं असतं. खोकला आला की तेही उडतं. अंघोळ घालताना पाणी आत जाऊ नये म्हणून काकू तिथे तळहात आडवा धरतात. उघडं ठेवल्याशिवाय ज्याला जगता येत नाही, त्याला झाकायचं तरी किती?

संध्याकाळी जोराची सर आली आणि डबा गडगडत गटारात गेला. दुसराही टिकला नसता. काकू पुढच्या चाकावर चढल्या, सायलेन्सरवर तळहात ठेवला आणि तशाच भिजत उभ्या राहिल्या. अण्णा त्यांच्या घराच्या खिडकीत आले. राहू दे, आत ये, असं हातानं सांगू लागले, पण काकूंची पाठ होती. त्यांनी खिडकीचे गज वाजवले. पावसात ते ऐकू जाईना.

हाक मारायला त्यांच्याकडे आवाज नव्हता. माझ्याकडे होता. पण "हात काढा" असं काकूंना मी कसं म्हणणार होते?